आधी पाय मोजा

मागच्या अंकात शास्त्रीय चित्रांबद्दल चार ओळी लिहिल्या आणि आर्वीपासून आरमोरीपर्यंत पत्रं आली. बहुतेकांनी चित्रांचे फोटो पाठवले, एकाने पाकिटात भुंगाच पाठवला. पोस्टाच्या शिक्क्याखाली त्याचा भुगा झाला. तेव्हा कृपा करून जिन्नस पाठवू नका. नव्या वाचकांसाठी ओळख: एका शेती महाविद्यालयाच्या कीटकशास्त्र विभागात मी चित्रकार होते. आता वर्धा जिल्ह्यात गावी राहते. वावरात पऱ्हाटी आणि तूर, ओसरीवर टेबल, टेबलावर भिंग. या वेळी फक्त सहा, आठ आणि त्याहून जास्त पायांच्या मंडळींबद्दलचे प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न: मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. सोयाबीनवरच्या चक्री भुंग्याचं चित्र प्रॅक्टिकलच्या वहीत काढलं. मैत्रिणी म्हणाल्या, फोटोच वाटतो. सरांनी मात्र लाल पेनाने "सुबक, पण चूक" एवढंच लिहिलं. चूक कुठे आहे? (विद्यार्थिनी, आर्वी)

सर बरोबर आहेत. दोन शब्द जास्त लिहिले असते तर तुझं टपाल वाचलं असतं, ते सोड. तुझ्या भुंग्याचे मागचे पाय पोटातून निघाले आहेत. कीटकाचे सहाही पाय छातीला असतात. छातीचे तीन खंड, दर खंडाला एक जोडी. भुंगा वरून पाहिला की कडक पंखांखाली छातीचे मागचे दोन खंड झाकले जातात आणि डोळ्याला वाटतं, पंखाखाली आहे ते सगळं पोटच. मग मागचे पाय पोटाला जाऊन चिकटतात. विद्यार्थ्यांच्या वह्यांत मी ही चूक सगळ्यात जास्त पाहिली, आणि गंमत म्हणजे ती छान शेडिंग केलेल्या चित्रातच जास्त असते. भुंगा उताणा कर. पाय कुठून फुटतात ते एकदा खालून काढ, मग सरळ करून वरचं चित्र घे.

आता मिशा. चक्री भुंगा लांब मिशांच्या भुंग्यांच्या कुळातला. मिशी ही त्याची ओळख, आणि तू ती एका रेघेत उरकली आहेस. या कुळात बहुतेकांच्या मिशीला 11 पेरं असतात. दहापट भिंगाखाली मोज. पहिलं पेर जाड, दुसरं अगदी बारकं, पुढची लांब. पावलाचीही पेरं मोज, चारच दिसतील. खरं तर पाच असतात, पण चौथं इतकं इवलं असतं की तिसऱ्याच्या दोन पाळ्यांमध्ये लपून बसतं. जे दिसलं नाही ते काढायचं नाही, हा नियम खरा. पण ते दिसतच नाही की आपण नीट पाहिलंच नाही, हे सुईच्या टोकाने पाळी बाजूला करून ठरवायचं असतं.

चित्राला हात लावण्याआधी मापं घे. कंपासपेटीतला डिव्हायडर पुरतो. डोक्याची रुंदी, छातीच्या ढालीची लांबी-रुंदी, पंखांची लांबी, मिशी, मागच्या पायाची मांडी, नळी, सगळं वहीत उतरव. भुंगा 9 मिलिमीटरचा असेल आणि वीसपट काढायचा असेल तर कागदावर तो 18 सेंटिमीटर होईल. सगळी मापं वीसने गुण, ग्राफपेपरवर मधली रेघ मार आणि फक्त डावी बाजू काढ. त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून उतरव, कागद उलटा कर, उजवी बाजू तयार. पेन्सिल 2एच घे. एचबी हाताखाली पसरते. पंखांच्या मागच्या भागाचा काळसरपणा, अंगावरचे खळगे, सावली हे सगळं शेवटी.

कागद उलटवायची ही युक्ती भुंग्याला चालते, कारण त्याचे पंख पाठीवर मधोमध सरळ रेघेत मिळतात. झुरळाला लावलीस तर फसशील. त्याचा डावा पंख उजव्यावर येतो. रातकिड्याचा उजवा डाव्यावर. तिथे दोन्ही बाजू वेगवेगळ्याच काढाव्या लागतात.

प्रश्न: आमच्या ग्रामपंचायतीने भिंतीवर गुलाबी बोंडअळीचं चित्र काढायचं ठरवलं आहे. मी दुकानांच्या पाट्या रंगवतो, अळी मोठी आणि झकास काढू शकतो. पण दोघं-तिघं म्हणतात, मोबाइलवर फोटो ढिगाने पडलेत, चित्र काहून पाहिजे? (पेंटर, घाटंजी तालुका)

भाऊ, 2017 च्या हंगामात या अळीने काय केलं ते यवतमाळ जिल्ह्याला मी सांगायला नको. भिंतीवर काय काढायचं ते मात्र सांगते, कारण मोठी, झकास, गुलाबी अळी काढलीत तर भिंत वाया जाईल.

पहिली गोष्ट, ही अळी लहानपणी गुलाबी नसते. अंड्यातून निघते तेव्हा पांढुरकी, डोकं काळपट. गुलाबी पट्टे मोठी झाल्यावर येतात, तेही आडवे, प्रत्येक खंडावर. रंगाचा डबा उघडून सगळं अंग एकसारखं गुलाबी करू नका. शेतकरी गुलाबी अळी शोधत बोंडं फोडतो, आतली पांढरी इवली अळी त्याच्या डोळ्यांसमोर असते आणि तो बोंड टाकून देतो. म्हणून लहान पांढरी आणि मोठी गुलाबी, दोन्ही शेजारी शेजारी काढा.

दुसरी गोष्ट, बोंडावर बाहेरून काही दिसत नाही. बारीक अळी आत शिरते आणि शिरल्याचं छिद्र बुजून जातं. हिरवी अमेरिकन बोंडअळी वेगळी. ती डोकं बोंडात खुपसून अर्धी बाहेर राहते, विष्ठाही बाहेर पडते. ही दोन बोंडं एकमेकांशेजारी काढली की माणूस चालता चालता समजतो. गुलाबी अळीचं बोंड मधोमध कापलेलं दाखवा. डागाळलेली रुई, आतली अळी, आणि एकमेकींना चिकटलेल्या दोन सरक्या. त्याच्या वर डोमकळी. पाकळ्या धाग्यांनी आवळलेलं, पूर्ण न उमललेलं फूल. हंगामात ते सगळ्यात आधी दिसतं, म्हणून चित्रातही ते सगळ्यात वर.

तिसरी गोष्ट माप. पूर्ण वाढलेली अळी जेमतेम एक सेंटिमीटरच्या थोडी वर. तुम्ही भिंतीवर दोन फुटांची काढणार, काढा. 1665 साली लंडनच्या रॉबर्ट हुकने सूक्ष्मदर्शकाखाली पाहून पिसूचं हातभर चित्र छापलं, मोठं काढायला कोणाची ना नाही. पण शेजारी खऱ्या मापाची अळी काळ्या रंगात भरून काढा आणि खाली "एवढीच" असं लिहा. पतंगही तसाच खऱ्या मापाने काढा. तो करड्या-तपकिरी रंगाचा, बारका, कोणाच्या नजरेत न भरणारा. त्याला झळाळी देऊ नका.

आता फोटोचं. फोटोत एका दिवशीची एक अळी असते. तुमच्या भिंतीवर फूल, बोंड, कापलेलं बोंड, लहान अळी, मोठी अळी आणि पतंग एका नजरेत येतात. निसर्गात हे सगळं एकाच वेळी एका जागी कोणाला सापडत नाही. शिवाय जे ओळखायला लागतं तेवढं ठळक करता येतं. मक्यावरच्या लष्करी अळीचंच बघा. डोक्यावर उलटा इंग्रजी वाय आणि शेपटाकडून दुसऱ्या खंडावर चौकोनात चार ठिपके. बाकी अंगाचा रंग कमीजास्त होतो. फोटोत ठिपके सावलीत जातात, चित्रात जात नाहीत.

प्रश्न: आमच्या वर्गात कीटकांचा तक्ता आहे. त्यात मिरगाच्या लाल किड्याला सहा पाय दाखवलेत. मी मोजले तर आठ भरले. कोण बरोबर? (इयत्ता सातवी, सेलू)

तू. मृगात मातीवर फिरणारा तो लाल मखमली जीव कीटक नाहीच, तो कोळी-विंचवांच्या नात्यातला, त्यामुळे पाय आठ. पुढची जोडी तो चालताना सारखी चाचपत नेतो म्हणून काही जण तिला मिशा समजतात आणि सहाच मोजतात. नुकतं अंड्यातून निघालेलं त्याचं पिलू मात्र खरंच सहा पायांचं असतं आणि दुसऱ्या किड्यांच्या अंगावर चिकटून राहतं. पण ते इतकं बारीक असतं की तक्ता काढणाऱ्याने ते पाहून सहा काढले असतील असं मला वाटत नाही.

काढताना सगळ्या अंगावर केस भरत बसू नकोस. कडेला दाट केस, मध्ये थोडे, बाकी पाठीच्या खळग्यांची सावली, बस. आणि काडेपेटीतला सोडून दे.

प्रश्न: वाणीचं चित्र काढतोय. पाय नक्की किती दाखवू? (रिसोड)

जितकी कडी तितका हिशोब. सोयाबीनच्या रोपांवर येणारी ही वाणी, काही गावांत पैसा म्हणतात, बाजूने काढ. डोक्यामागच्या पहिल्या कड्याला पाय नाहीत, पुढच्या तीन कड्यांना एकेक जोडी, त्यानंतर दर कड्याला दोन-दोन जोड्या, शेपटीचं टोक पुन्हा बिनपायाचं. कडी मोजलीस की पाय आपोआप बरोबर येतात. गोम काढायची वेळ आली तर तिथे दर खंडाला एकच जोडी, आणि जोड्यांची एकूण संख्या नेहमी विषम. पंधरा येईल, एकवीस येईल, वीस कधीच येणार नाही.

प्रश्न: मी डावरा आहे. टेबलावर उजेड उजव्या बाजूने घेतो म्हणजे हाताची सावली पडत नाही. चित्रातही उजेड उजवीकडूनच दाखवला तर? (काटोल)

दिवा कुठेही ठेवा, तुमची सोय बघा. चित्रातला उजेड मात्र वरून डावीकडूनच, साधारण 45 अंशातून. जगभर हीच रीत आहे आणि तिला कारण आहे. भुंग्याच्या पाठीवर खळगे असतात, काहींच्या पाठीवर दाणे. दोन्हींत फरक एवढाच की सावली कोणत्या कडेला पडली. वाचणाऱ्याने उजेड डावीकडून धरलेला असतो. तुम्ही उजवीकडून दिलात की तुमचे खळगे त्याला दाणे वाटतात, आणि तेवढ्यावरून जात चुकू शकते. तुम्ही किड्यावरची खरी सावली बघून उतरवत असाल तर दिवा डावीकडे घेऊन एकदा सावली समजून घ्या, मग उजवीकडे नेऊन शाई भरा.

प्रश्न: मी शाळेत विज्ञान शिकवते. परसात, भिंतींवर, कडुनिंबावर कोळी पुष्कळ. मुलांकडून काढून घेतले तर सगळ्यांचे कोळी सारखेच येतात: एक गोल, आठ काड्या. वेगळेपण कसं दाखवायचं? (शिक्षिका, साकोली)

मॅडम, मुलांना कोळ्याचं तोंड काढायला लावा. वरून काढला तर आठ काड्याच येणार. समोरून बघितला की डोळे दिसतात, आणि कोळ्याचं कूळ ठरवायला डोळ्यांची मांडणी फार कामाची. बहुतेकांना आठ डोळे असतात, पण ते बसवलेले वेगवेगळे. घराच्या भिंतीवर उड्या मारणारा कोळी घ्या. पुढे चार डोळे ओळीत, त्यातले मधले दोन एवढे मोठे की भिंगाशिवायही दिसतात. बांधीच्या धुऱ्यावर धावणारा लांडगा-कोळी घ्या. खाली चार बारके, त्यावर दोन मोठे, त्यामागे दोन मध्यम. पऱ्हाटीच्या पानावर बसणारा, पायांवर लांब काटे असलेला कोळी घ्या. त्याच्या वरच्या सहा डोळ्यांचा षटकोन होतो, खाली दोन इवले. वर्गात पाटीवर एक कोरा चेहरा काढून फक्त ठिपके बसवायला सांगा. एका तासात मुलं तीन कुळं वेगळी करतात.

तुमच्या कडुनिंबावर बहुधा दुशेपट्या कोळी असेल. सालीच्या रंगाचा, चपटा, खाली डोकं करून बसलेला. त्याच्या शेपट्या म्हणजे जाळं विणायच्या लांब नळ्या. त्याचे पाय मात्र मुलं हमखास चुकवतात, कारण आठही सारखे काढतात. तिसरी जोडी इतरांपेक्षा बरीच आखूड असते. पाय पुढून मागे एक ते चार असे मोजायचे, आणि प्रत्येक पायाला सात पेरं. कीटकाच्या पायात मांडीनंतर थेट नळी येते, कोळ्याला मध्ये टोंगळ्याचं वेगळं पेर असतं. आठ काड्यांना एवढं एक पेर दिलं तरी कोळी उभा राहतो.

वरच्या वर्गातल्या मुलांसाठी एक जास्तीची गोष्ट. कोळ्याची नेमकी जात डोळ्यांवरून ठरत नाही. ती नराच्या तोंडाजवळच्या स्पर्शकाच्या टोकाला असलेल्या अवयवावरून आणि मादीच्या पोटाखालच्या जननछिद्राच्या झाकणीवरून ठरते. म्हणून संशोधक कोळ्याचं अख्खं चित्र एक आणि या दोन अवयवांची चित्रं चार काढतात. नराचा स्पर्शक डावा काढायची पद्धत आहे. डावा तुटलेला असेल तर उजवा काढून चित्र उलटवतात आणि खाली तसं लिहितात.

कोळी मऊ असतो, टाचणीवर सुकवला की सुरकुततो. तो 70 टक्के अल्कोहोलमध्ये ठेवतात. काढताना तो सारखा कलंडतो. त्यावर उपाय: वैनगंगेची बारीक रेती चार पाण्यांत धुऊन वाळवा, वाटीत घाला, वर अल्कोहोल ओता आणि कोळी रेतीत हव्या त्या कोनात टेकवून ठेवा. हलत नाही. वाटीजवळ काडी-दिवा नको.

कोळ्यांच्या चित्रांचा एक मान मला फार आवडतो म्हणून सांगते. प्राण्यांची शास्त्रीय नावं 1758 पासूनची धरतात, ही नावं द्यायची पद्धत रूढ करणाऱ्या लिनियसपासून. त्याआधीची रद्द. अपवाद एकच, स्वीडनच्या कार्ल क्लर्कने 1757 मध्ये रंगीत चित्रांसह दिलेली कोळ्यांची नावं. बाकी सगळ्या प्राणिसृष्टीच्या आधी कोळी रांगेत उभे आहेत.

प्रश्न: चित्रासाठी जीव घ्यावा लागतो का? मला ते जमणार नाही. आई म्हणते हा छंदच नको. (अचलपूर)

नाही घ्यावा लागत. पावसाळ्यात ओसरीवरच्या दिव्याखाली सकाळी झाडू मारताना जे सापडतं तेवढ्यात एक वर्ष निघतं. खिडकीच्या चौकटीत, नळीच्या दिव्याच्या पट्टीत, ट्रॅक्टरच्या काचेवर मेलेले किडे असतातच. कोळ्यासाठी त्याची कात शोध. कोळी वाढताना कात टाकतो, तिच्यात पाय, काटे, पाठीची ढाल, डोळ्यांवरच्या भिंगांसकट सगळं असतं. फक्त पोटाचा भाग आक्रसतो, तो जिवंत कोळी बघून भरून काढ. जिवंत किडा काचेच्या बाटलीत ठेवून तासाभराने सोडता येतो.

मेळघाट तुझ्या दाराशी आहे म्हणून बजावते. अभयारण्यातून आणि व्याघ्रप्रकल्पातून मेलेलं पाखरूही परवानगीशिवाय उचलायचं नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत काही फुलपाखरंही आहेत. तिथे वही-पेन्सिल न्यायची, बाटली नाही.

प्रश्न: आमच्या घरी कोसा, म्हणजे टसर रेशमाचे किडे, पाळतात. ऐनाच्या झाडांवर अळ्या असतात. मला अंड्यापासून पतंगापर्यंत सगळं एका कागदावर काढायचंय. पतंगाच्या पंखातले डोळे कसे दाखवू? काचेसारखे आहेत, मागचं दिसतं. (आरमोरी)

तुझ्याकडे जे घरबसल्या आहे ते आम्हाला विभागात मागवून घ्यावं लागायचं. त्या डोळ्यांमध्ये पंखावरची खवलंच नसतात, म्हणून आरपार दिसतं. तिथे पांढरा रंग भरू नकोस, पांढरा रंग म्हणजे पांढरा ठिपका. ती जागा कागदाची कोरी सोड, भोवतीची कडी नीट काढ, आणि मागून एखादी काडी किंवा पान जात असेल तर ते त्या खिडकीतून फिकट पेन्सिलीने दाखव. वाचणाऱ्याला काच कळते.

पतंग पंख पसरून काढायचा की बसलेला? दोन्ही. पसरलेला मापासाठी, बसलेला ओळखीसाठी. पसरताना थर्मोकोलच्या पाटीला मधोमध खाच पाड, अंग खाचेत ठेव, पुढच्या पंखाची मागची कड अंगाशी काटकोनात येईपर्यंत कागदाच्या पट्ट्यांनी दाबून धर. टाचण्या पट्टीत, पंखात नाही. नर आणि मादी दोन्ही काढ. नराच्या मिशा रुंद, दोन्ही बाजूंनी दाट फाटे असलेल्या, मादीच्या अरुंद. रंगावर जाऊ नकोस, तो बदलतो. तोंड काढताना सोंड काढू नकोस. या पतंगाला खाण्याजोगं तोंड नसतं, जे खायचं ते अळीने ऐनावर खाऊन ठेवलेलं.

कोशाला देठ असतो आणि देठाच्या टोकाला फांदीभोवती कडी. अनेक चित्रांत कोसा नुसता अंड्यासारखा हवेत तरंगतो. तुझ्या घरच्यांनी ते चित्र बघितलं तर हसतील. कडी, देठ, फांदी आणि कुरतडलेलं पान हे सगळं घे. किडा त्याच्या झाडासकट काढायचा, ही रीत जुनी आहे. मारिया सिबिला मेरियन ही जर्मन बाई 1699 मध्ये मुलीला बरोबर घेऊन दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला गेली, दोन वर्षं राहिली आणि तिथले किडे त्यांच्या खाद्यझाडांवर, अळी-कोश-पतंग एकाच चित्रात, काढून आणले. तुला बोट लागत नाही, माडीवरून उतरलं की ऐन आहे. पण तू तिच्याइतकं रोज लिहून ठेव: अंडी कधी घातली, कात कितव्या दिवशी, कोश कधी बांधला. चित्रं नंतरही काढता येतात, तारखा नाही.

प्रश्न: मोबाइलला साठ रुपयांचं भिंग लावून फोटो काढतो आणि त्यावरून ट्रेस करतो. हे फसवणूक आहे का? (पुलगाव)

मुळीच नाही. विल्यम वोलस्टनने 1806 मध्ये चित्रकारांसाठी लोलक बसवलेलं यंत्र पेटंट केलं, त्यात समोरची वस्तू कागदावर पडल्यासारखी दिसते आणि माणूस रेघा फिरवतो. त्याचीच सुधारलेली नळी आजही सूक्ष्मदर्शकाला लावतात. संशोधकांची कित्येक रेषाचित्रं अशीच निघतात.

अडचण भिंगाची आहे. स्वस्त भिंगात कडा वाकतात, आणि जवळचा पाय मोठा, लांबचा लहान येतो. किडा चौकटीच्या मधोमध ठेवा, शेजारी त्याच उंचीवर ग्राफपेपरची पट्टी ठेवा, खाली टेबलावर नाही. वरून, बाजूने, खालून असे तीन फोटो. बाहेरची रेघ ट्रेस करा, आतलं सगळं किडा भिंगाखाली धरून भरा. फोटोत जे धूसर आहे ते ट्रेस करणारा हात मनाने भरतो, तिथेच पेरं कमीजास्त होतात.

हुकूम सोडला की चित्र काढून देणारी मोबाइलवरची नवी सोयही दोघांनी विचारली. त्यांनी पाठवलेल्या मुंगीला आठ पाय होते आणि कंबरेची गाठ नव्हती. चकाकी मात्र फार सुंदर.

प्रश्न: ठिपक्यांनी छाया दिली, छापून आल्यावर सगळं काळं झालं. पेन कोणतं वापरावं? (विद्यार्थी, अकोला)

पेनाचा दोष नाही, चित्र किती लहान होणार हे तू धरलं नव्हतंस. वीस सेंटिमीटरचं चित्र छापताना पाचचं झालं की 0.1 ची रेघ 0.025 मिलिमीटरची होते आणि गायब, आणि दाट ठिपके एकमेकांत मिसळतात. छापायच्या दुप्पट काढ, चौपट नको. बाहेरची रेघ 0.3, आतली 0.2, ठिपके 0.1 किंवा 0.2. आधी चित्राची झेरॉक्स निम्म्या मापाने काढून बघ, दहा रुपयांत कळतं. पेन कागदावर सरळ उभं धर, तिरकं धरलं की ठिपक्याला शेपूट येतं. ठिपके रांगेत नको, नाहीतर किड्याच्या अंगावर नसलेल्या रेघा दिसू लागतात. आपल्याकडे श्रावणात कागद ओलसर होतो आणि शाई फुटते. कागद लोखंडी पेटीत ठेव, काढायच्या आदल्या रात्री बाहेर आणू नकोस. स्कॅन किमान 600 डीपीआयवर.

प्रश्न: यात पोट भरतं का? आणि मी नवीन जात शोधून तिचं चित्र काढलं तर ती माझ्या नावावर होते का? (देवळी)

नुसतं यावर पोट भरणं कठीण, हे सरळ सांगते. 1905 मध्ये बिहारात पुसा इथे शेती संशोधन संस्था निघाली तेव्हा तिथे किडींच्या चित्रांसाठी भारतीय चित्रकार ठेवले होते. त्यांच्या रंगीत चित्रांवर पुढच्या पिढ्या शिकल्या. आमच्या विभागात मी निवृत्त झाले आणि ती जागा भरली गेली नाही. आज काम मिळतं ते प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांकडून, कीड-ओळखीच्या पुस्तिकांतून, पाठ्यपुस्तकांतून, चित्रामागे पैसे घेऊन. शिकवण्या किंवा शेती सांभाळून करा. पैसे चित्र सुरू करण्याआधी ठरवा आणि अर्धे आधी घ्या. संशोधक लोक वाईट नसतात, पण त्यांचं अनुदान नेहमी पुढच्या महिन्यात येणार असतं.

नवीन जातीचं म्हणाल तर 1930 नंतर नियम असा की नुसतं चित्र छापून नाव लागू होत नाही. ती जात इतरांपासून कशी वेगळी, हे शब्दांत लिहावं लागतं आणि ज्यावरून लिहिलं तो नमुना संग्रहालयात जपावा लागतो. तेव्हा जात लिहिणाऱ्याच्या नावावर होते. चित्रकाराचं नाव चित्राखाली येतं, तेही सांगून घातलं तर. सांगा.

प्रश्न: चित्राखाली काय काय लिहायचं? (समुद्रपूर)

"वीसपट" असं लिहू नका, छापताना मोठं-लहान झालं की ते खोटं ठरतं. चित्राशेजारी एक आडवी रेघ मारा आणि तिच्यावर "2 मिमी" लिहा. चित्र लहान झालं की रेघही तेवढीच लहान होते. मग गाव, तालुका, तारीख, कोणत्या झाडावर किंवा कुठल्या दिव्याखाली सापडला, नर की मादी, कोणत्या बाजूने काढला, कोणी काढला. जातीचं नाव ठाऊक नसेल तर जागा कोरी सोडा, अंदाजाने भरू नका. नमुना अल्कोहोलच्या कुपीत असेल तर हीच माहिती कागदाच्या चिठ्ठीवर लिहून कुपीच्या आत टाका, बाहेर चिकटवलेली सुटते. आणि ती चिठ्ठी शिसपेन्सिलीने लिहा. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये उतरते, आठवडाभरात पाणी निळं आणि चिठ्ठी कोरी.